तपासलं : बुधरी

१

निकेश मांदाडे रोज सकाळी नऊला आपला कॉम्प्युटर क्लास उघडायचा आणि सगळ्यात आधी फडकं हातात घ्यायचा. गडचांदूरला राहायचं तर ही धूळ भोगायचीच. सिमेंटची, पिठासारखी बारीक. संध्याकाळी पुसलेलं टेबल सकाळी पुन्हा पांढरं. पुढच्या खोलीत पाच मशीन होती, तिथं पोरं-पोरी टायपिंग शिकायची. मागच्या खोलीत सहावं मशीन प्लॅस्टिकखाली झाकलेलं होतं. ते फक्त तपासणीसाठी ठेवलंय, असं तो विचारणाऱ्याला सांगायचा.

कसली तपासणी, तेही सांगून टाकतो, म्हणजे पुढं अडखळायला नको. लिनक्स म्हणून एक प्रणाली आहे. फुकट मिळते, उघडी असते. ज्याला कळतं त्यानं तिच्यात सुधारणा करावी आणि चारचौघांत वाटावी. हे दोन हजार पाच साल. गावोगावचे वीसेक जण इंटरनेटवर ग्रुप करून एकमेकांना मेल पाठवत लिनक्स मराठीत आणत होते. शाळांना वाटायची एक सीडी करायची, असा घाट होता. कुणी शब्द लिहायचं, कुणी प्रोग्राम. ते सगळं एका गाठोड्यात असं बांधायचं की शाळेतल्या मास्तरानं एक बटण दाबलं की बसावं, हे काम निकेशचं. त्या गाठोड्याला पॅकेज म्हणतात. नवं पॅकेज आधी ‘कच्चं’ म्हणून ठेवलं जायचं. बांधणारा सोडून दुसऱ्या कुणी ते दुसऱ्या मशीनवर बसवून, चालवून रिपोर्ट लिहिला, तरच ते ‘पक्कं’ व्हायचं. हा नियम ग्रुप चालवणाऱ्या नागपूरच्या दामिनीताईंचा, आणि त्या तो मोडू देत नसत. आपल्या पोराला आपण कधी काळं म्हणत नाही, एवढंच त्या वर म्हणायच्या.

आता अख्ख्या कोरपना तालुक्यात लिनक्स वापरणारा माणूस एकच, तो म्हणजे निकेश. तपासायला दुसरा आणायचा कुठून? त्याची पॅकेजं महिनोन्महिने कच्चीच पडून राहायची. इकडे पुण्याच्या पोरांची आठवड्यात पक्की व्हायची आणि सीडीवर त्यांची नावं यायची. निकेशचा बाप तळ्यावर मासे मारायचा, पोरगं पोरांना टायपिंग शिकवायचं. गडचांदूरच्या बाहेर कुणी त्याला त्याच्या कामानं ओळखेल, असं हे एकच दार होतं. शेवटी त्यानं एक तपासणारी तयार केली. तिच्या नावानं मेलचा पत्ता काढला आणि तिचा रिपोर्ट आपणच लिहिला. ‘मशीन : मागच्या खोलीतलं. बसवलं : हो. चालवलं : हो. दोष : काही नाही. तपासलं : बुधरी हिचामी.’

त्या मागच्या मशीनची रॅम त्यानं दिवाळीतच काढून पुढच्या मशीनला लावली होती. रॅमशिवाय कॉम्प्युटर सुरूच होत नाही. त्याची वायरही तो पुढं घेऊन आला होता. म्हणजे तपासणारी खोटी आणि मशीनही नावापुरतं.

२

नाव मात्र खरं होतं. तिथंच तर सगळं खुपतं.

तीन वर्षांपूर्वी दहावी पास आदिवासी मुलींसाठी तीन महिन्यांचा कोर्स निघाला होता आणि तो निकेशच्या क्लासला मिळाला होता. त्यात एटापल्लीकडची बुधरी होती. बाकाच्या टोकाला बसायची, एका बोटानं टाइप करायची, दोन अक्षरांमध्ये थांबून विचार करायची. पण चूक तिला दिसायची. दुसऱ्याला दिसत नाही ती तिला दिसायची. कोर्सच्या तपासणीला मोठे साहेब आले, तेव्हा निकेशनं स्वतः लिहिलेला प्रोग्राम मोठ्या ऐटीत चालवून दाखवला. बुधरी हळूच म्हणाली, सर, हे बटण दोनदा दाबलं तं बंद पडते. साहेबांनी दोनदा दाबलं. बंद पडला. साहेब हसले, पोरी हसल्या, निकेशही हसला.

महिन्याअखेरीस त्यानं हजेरीच्या रजिस्टरमध्ये बुधरीचे अकरा दिवस गैरहजर केले. हजेरी कमी म्हणून तिला सर्टिफिकेट मिळालं नाही, आणि सर्टिफिकेट नाही म्हणून चंद्रपूरची ठरलेली नोकरी गेली. ती एवढंच म्हणाली, “सर, मी तं रोज आली व्हती.” रजिस्टरमध्ये नाही, असं त्यानं तिच्याकडं न बघता सांगितलं. दुपारच्या राजुऱ्याच्या बसनं ती गेली. पुढं तिचं काय झालं, हे त्यानं कधी विचारलं नाही.

तपासणारीला नाव हवं होतं तेव्हा ते रजिस्टर समोरच्या फळीवर होतं. पोरीचं तेवढंच नाव होईल, अशी त्यानं मनाची समजूत घातली. माणूस स्वतःला काय काय समजावतो, त्याला काही सुमार नाही बघा.

३

पहिले चार रिपोर्ट त्यानंच लिहिले. पाचवाही त्यानंच लिहिला, छपाईच्या पॅकेजचा. ‘दोष : काही नाही’ लिहून पाठवला आणि जेवायला गेला. परत येऊन ग्रुपवर बघतो तर रिपोर्ट तोच, वेळ तीच, पण शेवटची ओळ वेगळी. ‘दोष : एक. पान छापलं तर खालची ओळ येत नाही.’

आपणच चुकून लिहिलं असेल, असं त्याला आधी वाटलं. मग त्यानं एक पान छापून पाहिलं. खालची ओळ आली नाही. दोन पानं, तीन पानं छापली. तीच गत. त्यानं दोष दुरुस्त केला तशी दामिनीताईंची मेल आली की ही तुझी बुधरी फार बारीक नजरेची आहे, अशी माणसं सांभाळ. ते वाचून त्याला आनंद व्हायला हवा होता. त्याचे कान मात्र गरम झाले.

त्यानंतर तो रिपोर्ट लिहायचा थांबला आणि रिपोर्ट यायचे काही थांबले नाहीत. पॅकेज ग्रुपवर टाकलं की दुसऱ्या दिवशी दुपारी रिपोर्ट हजर. त्यानं मेलचा पासवर्ड बदलला. पुन्हा बदलला. पुण्याच्या कुणा पोराला आपली लबाडी कळली आणि तो आपली गंमत करतोय, असा हिशेब त्यानं मांडून पाहिला. चोराच्या मनात चांदणं, तसं झालं होतं त्याचं. ग्रुपवरच्या प्रत्येक साध्या वाक्यात त्याला टोमणा दिसायचा. पण पुण्याच्या पोरानं लिहिलं असतं तर ‘मागच्या खोलीत उकडते, खिडकी उघडत नाही’ असं कशाला लिहिलं असतं? आणि मागच्या खोलीची खिडकी खरंच उघडत नव्हती. चौकट फुगली होती. ते निकेशशिवाय कुणाला माहीत नव्हतं.

४

दुपारी दोनच्या सुमारास चुनखडीच्या खाणीत सुरुंग उडतात. काचा थरथरतात, कुत्री भुंकतात, मग क्षणभर सगळं गप्प होतं. त्या वेळी पोरं जेवायला गेलेली असायची. एका दुपारी त्या गप्प क्षणात निकेशला मागून टक असा आवाज आला. मग बराच वेळ काही नाही. मग टक. मग लागोपाठ दोनदा.

उंदीर असेल. प्लॅस्टिक तापून वाजत असेल. त्यानं अशी चार-पाच कारणं काढली आणि प्रत्येक कारण खरं असू शकत होतं. पण एका बोटानं टाइप करणाऱ्या पन्नास पोरी त्याच्या हाताखालून गेल्या होत्या. अक्षर शोधताना बोट कुठं थांबतं आणि सापडल्यावर कसं पडतं, हे त्याला झोपेतही ओळखू आलं असतं.

तो उठून आत गेला. तिथं कुणी नव्हतं. मशीन तसंच होतं, वायर नाही, पडदा काळा. प्लॅस्टिकवर पांढरी धूळ बोटभर साचलेली, कुणी हात लावल्याची खूण नाही. त्याला जरा हायसं वाटलं. मग त्यानं प्लॅस्टिक उचललं. आत कीबोर्डवरही धूळ होती, पण ती फक्त कडेच्या बटणांवर. मधली बटणं स्वच्छ होती, रोज हात फिरल्यासारखी. खुर्चीची बैठक त्यानं उगाच तळहातानं दाबून पाहिली आणि ती कोमट लागली.

चैत्र होता, सगळंच तापलेलं होतं. असं म्हणत तो बाहेर आला आणि दाराला कडी घातली. त्यानंतर तो त्या खोलीत गेला नाही.

५

सीडीची तारीख आली. शेवटचं पॅकेज सगळ्यात मोठं होतं. सीडी टाकली की जुनी प्रणाली तशीच ठेवून शेजारी लिनक्स बसवायचं, असं ते काम. ते निकेशनं बांधलं होतं. ते पक्कं झालं की त्याला थेट ग्रुपच्या भांडारात पॅकेज टाकायचा अधिकार देऊ, कुणाला विचारायला नको, असं दामिनीताईंनी कबूल केलं होतं. एवढा अधिकार ग्रुपमध्ये चौघांनाच होता.

बुधरीचा रिपोर्ट यायचा होता आणि दोन वाजून गेले होते. निकेश पडद्याकडं बघत बसला. या खेपेला रिपोर्ट ग्रुपवर गेला नाही, फक्त त्याच्याकडं आला.

‘दोष : एक. शेजारी बसत नाही. जुनं सगळं पुसते. पाठवू नका, सर.’

ते ‘सर’ त्यानं पुन्हा एकदा वाचलं. त्यानं खरं तर थांबायला हवं होतं. एक आठवडा मागितला असता, तर दामिनीताईंनी दिला असता. पण मग तारीख चुकली असती, काम पुण्याकडं गेलं असतं. आणि ज्या तपासणारीला आपण जन्माला घातलं तिनंच आपल्याला नाही म्हणावं, हेही त्याला सोसेना. तोच जुना पीळ. त्यानं रिपोर्ट उघडला, ओळ खोडली, ‘दोष : काही नाही’ लिहिलं आणि ग्रुपवर टाकून दिला. मागच्या खोलीतून त्या दिवशी काही आवाज आला नाही.

सीडी निघाली. पाठीमागं बारीक अक्षरांत छापलं होतं, बांधणी : निकेश मांदाडे, तपासणी : बुधरी हिचामी, आणि खाली क्लासचा पत्ता-फोन. ग्रुपवर सगळ्यांनी त्याचं कौतुक केलं. आठवड्यानं नागपूरहून टपालानं एक फॉर्म आला. अधिकार देण्याआधी तपासणारीही खरी आहे, याची खात्री हवी. तिला ओळखणाऱ्या एकानं आणि निकेशनं सही करायची होती. वर छापलं होतं, ‘मी या व्यक्तीला समोरासमोर, तोंड पाहून ओळखले आहे.’ हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. त्यानं फॉर्म ड्रॉवरमध्ये टाकला.

६

मग एटापल्लीकडून फोन आला. आश्रमशाळेतले लालसू मास्तर बोलत होते. सीडी टाकली आणि कॉम्प्युटरवरचं सगळं गेलं, म्हणाले. सहा वर्षं ते गावोगाव फिरून म्हाताऱ्यांकडून त्यांच्या माडिया बोलीतल्या गोष्टी उतरवून घेत होते, त्या सगळ्या. सांगणारे निम्मे म्हातारे आता राहिले नाहीत. मास्तर रागावले असते तर बरं झालं असतं. ते रागावले नाहीत. आपलंच काही चुकलं का, असं विचारत होते.

तुमची हार्ड डिस्क जुनी असेल, निकेश म्हणाला. आणि ग्रुपवर लिहू नका, लोक घाबरतील, असंही म्हणाला. हे शब्द तोंडातून बाहेर पडताना त्याला आपलाच आवाज ओळखू येईना.

“असंन, सर,” लालसू मास्तर म्हणाले. “मी तं टाकणार नवतो. पण मांगं बुधरीचं नाव दिसलं. ती आमच्या गावची. तिनं तपासलं म्हनलं, तं मंग काय पाह्यचं?”

मग त्यांनी दुसरी गोष्ट सांगितली. तीन वर्षांपूर्वी कोर्सला गेलेली बुधरी घरी परत आलीच नव्हती. कोर्स चंद्रपूरकडं कुठंतरी, एवढंच बापाला ठाऊक होतं. त्यानं आलापल्ली, चंद्रपूर पालथं घातलं, पोलिसात सांगितलं, काही पत्ता नाही. आता सीडीवर नाव पाहून गावात सगळ्यांना आनंद झाला होता. पोरगी जिवंत आहे, सरांकडंच काम करून राह्यली आहे. बाप चैतू तिला भेटायला आज सकाळीच निघाला.

निकेशनं फोन ठेवला. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला वाटलं. पण जमीन कुठली दुभंगते. तो उठला, फडकं घेतलं आणि पाची टेबलं पुन्हा पुसून काढली.

७

चैतू दुसऱ्या दिवशी पावणेदोनला आला. रात्र चंद्रपूरच्या बसस्टँडवर काढली होती. उन्हानं रापलेला, हाडकुळा माणूस. हातात चारोळीचं गाठोडं आणि नव्या प्लॅस्टिकच्या चपलांचा जोड. तिच्या पायात नीट चप्पल नव्हती जाताना, त्यानं सांगितलं. मराठी तो बेतानंच बोलायचा.

निकेशनं त्याला बसवलं, पाणी दिलं. आता सांगायचं, त्यानं ठरवलं होतं. रात्रभर वाक्य जुळवलं होतं. बुधरी इथं नाही, कधीच नव्हती, मी तिचं नाव चोरलं. आणि त्याआधी हजेरीही चोरली. त्यानं तोंड उघडलं आणि खाणीत सुरुंग उडाले. काचा थरथरल्या. कुत्री गप्प झाली. मागून आवाज आला, टक. थांबून, पुन्हा टक.

म्हाताऱ्यानं मान वर केली. त्याचा चेहरा असा उजळला की निकेशला त्याच्याकडं बघवेना. कुणाला न विचारता तो उठला, कडी काढून आत गेला आणि दार लोटून घेतलं.

आतून बोलणं ऐकू येऊ लागलं. बोलणं माडियात आणि आवाज एकच, म्हाताऱ्याचा. पण तो थांबायचा, उत्तर मिळावं तेवढा वेळ थांबायचा आणि मग पुढं बोलायचा. एकदा हसला. एकदा बराच वेळ नुसता नाक ओढत राहिला. म्हातारं माणूस आहे, स्वतःशीच बोलत असेल, निकेश मनाशी म्हणाला. रिकामी खोली बघून डोकं फिरलं असेल. हे कारणही खरं असू शकत होतं.

अर्ध्या तासानं दार उघडलं. बाहेर येणाऱ्या चैतूच्या खांद्यावरून निकेशला आतलं दिसलं, ते एवढंच. मशीनवरचं प्लॅस्टिक काढून, चार घड्या घालून बाजूला ठेवलेलं, जसं तो कोर्सच्या पोरींना शिकवायचा तसं. आणि दाराच्या कडेशी एक कोपर, सावळं, बारीक, टेबलावर टेकलेलं. ते हललं. निकेशनं मान खाली घातली.

चैतूच्या हातात चपला नव्हत्या, गाठोडंही नव्हतं.

“भेटली,” तो खुर्चीत बसत म्हणाला. “वाळली लय. काम सरलं नाई म्हन्ते.” मग म्हणाला, “तो कागद हाये म्हन्ते तुमच्यापाशी. त्याच्यावर माहा अंगठा घ्या म्हन्ते.”

फॉर्मचं निकेशनं कुणालाही सांगितलं नव्हतं. त्यानं ड्रॉवर उघडला, शाईचा पॅड काढला. म्हाताऱ्यानं अंगठा नीट, दाबून उमटवला, ‘तोंड पाहून ओळखले आहे’ या ओळीखाली. मग बोट धोतराला पुसलं. खाली निकेशची जागा रिकामी होती.

“आता तुमी पाहून घ्या, सर. एक डाव माह्याकडं पाहा म्हन्ते. बाकी काई नाई म्हन्ते.”

मागच्या खोलीतला आवाज थांबला होता. खुर्ची किंचित सरकल्याचं ऐकू आलं, कुणी वळून दाराकडं तोंड करावं तसं. टेबलापासून त्या दारापर्यंत आठ पावलं. निकेशनं ती मनातल्या मनात मोजली. आत काही नसेल तर हा म्हातारा, हा फॉर्म, सगळंच खोटं. मग खरं सांगून मोकळं व्हावं लागेल. आत ती असेल तर तिच्या तोंडाकडं बघावं लागेल. तीन वर्षांपूर्वी बघितलं नव्हतं, तेव्हा ती नुसती समोर उभी होती, तेही जमलं नव्हतं. त्याला फार लाज वाटली. पाय मात्र जागचे हलेनात.

त्यानं पेन उचललं. बसल्या जागी, आपल्या नावापुढं सही केली. तारीख टाकली.

आत खुर्ची पुन्हा सरकली, परत फिरवल्यासारखी, आणि एका बोटाचं टाइपिंग सुरू झालं. टक. थांबून, टक.

चैतू सहीकडं बघत होता. त्याला वाचता येत नव्हतं. मग त्यानं दाराकडं बघितलं आणि शेवटी निकेशकडं. तो रागावला नव्हता. आवाजही चढला नव्हता.

“तुमी तं उठलेच नाई, सर,” तो म्हणाला.

चारच्या बसनं तो परत गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी निकेशनं फॉर्म पाकिटात घातला, तिकीट लावलं आणि नागपूरच्या टपालात टाकला.